खाडीतला तिसऱ्यांचा पट्टा कसा राखावा

खाडीच्या वाळूतल्या या खाण्याच्या शिंपल्यांना कुठे तिसऱ्या म्हणतात, कुठे मुळे, कुठे शिवल्या. गावागणिक नाव बदललं तरी वेचण्याची रीत एकच: ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाळू उकरायची आणि पाटी भरायची. यांत्रिक होड्यांना पावसाळ्यात बंदी असते, हाताने वेचण्याला ती आड येत नाही. त्यामुळे कधी थांबायचं हे वेचणाऱ्यांनीच ठरवावं लागतं. पावसाची वेळ पुढेमागे होऊ लागल्यावर दरवर्षीची ठरलेली तारीख त्यासाठी पुरत नाही. पट्टा मोजावाच लागतो.

तिसरी वाळूत पुरून राहते, नळी वर काढून पाणी आत ओढते आणि कल्ल्यांवर अन्न गाळून घेते. गोडं पाणी आलं की शिंपा घट्ट मिटते. अशी ती काही दिवस तग धरते, पण तेवढा वेळ तिला ना अन्न मिळतं ना पुरेसा प्राणवायू. पाणी गार असेल तर ती जास्त टिकते, तापलेलं असेल तर शरीरातला साठा भराभर संपतो. म्हणूनच मे महिन्यातला मोठा पाऊस जुलैतल्या पावसापेक्षा घातक ठरू शकतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने असाच पाऊस आणला. २०२५ मध्ये मोसमी पाऊसच २५ मेला कोकणात पोचला. त्यात पुराचा गाळ आला तर कल्ले चोंदतात.

मोजणीसाठी पीव्हीसी पाइपची ५० सेंटिमीटर बाजू असलेली चौकट करा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, ओहोटी सर्वांत खोल असताना, काठापासून पाण्यापर्यंत सरळ रेषेत चालत दर १० मीटरवर चौकट टाका. आतली वाळू १५ सेंटिमीटर खोल काढून ५ मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्यात धुवा. जिवंत किती, मेलेल्या किती ते मोजा आणि प्रत्येकीची लांबी पट्टीने घ्या. आकड्याला ४ ने गुणलं की चौरस मीटरची संख्या मिळते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तिसऱ्या भरपूर दिसतात तिथेच चौकट टाकणं. मग वही भरलेली दिसते आणि पट्टा रिकामा होत जातो. चौकट रिकामी निघाली तरी शून्य लिहायचं.

खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, म्हणजे पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणाने. आधी डिस्टिल्ड पाण्यावर काटा शून्यावर आणा. पाणी तळाशी घ्या, कारण गोडं पाणी हलकं असल्याने वर तरंगतं आणि वरचा नमुना उगाच घाबरवतो. काठीला बाटली बांधून बुचाला दोरी लावली की काम होतं. वेळ ओहोटी संपतानाची ठेवा, तेव्हाचा आकडा सर्वांत कमी असतो. समुद्राचं पाणी साधारण ३५ भरतं, म्हणजे किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. तुमच्या पट्ट्यावर कोणत्या आकड्याला आणि किती दिवसांनी मर सुरू होते, हे दोन पावसाळ्यांच्या नोंदीतून कळेल. दुसऱ्या खाडीचा आकडा उसना घेऊ नका. जातीगणिक सोसण्याची ताकद वेगळी असते.

विणीचा काळ ओळखायला दर पंधरवड्याला १० मोठ्या तिसऱ्या उघडून बघा. पोटाचा भाग भरीव, सायीसारखा दिसला तर ती विणीला आलेली. पातळ, पारदर्शक दिसला तर विऊन गेलेली. दहांतल्या पाचांहून जास्त भरलेल्या असतील तर वेचणी थांबवा. पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यावर तरंगत राहून मग वाळूत बसतात, त्यामुळे विणीनंतरही लगेच वाळू उकरू नये.

बंदी आणि आकाराचा नियम एकत्र चालतात तेव्हा काय होतं, हे केरळच्या अष्टमुडी खाडीत दिसलं. १९९१ मध्ये तिथे वर्षाला १०,००० टनांपर्यंत तिसऱ्या निघत होत्या. १९९३ मध्ये उत्पन्न निम्म्याने घसरलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली, जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकाला, किमान ३० मिलिमीटरची मर्यादा आली, यांत्रिक वेचणी थांबली. उत्पन्न सावरलं आणि २०१४ मध्ये या मासेमारीला भारतातलं पहिलं एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) प्रमाणपत्र, म्हणजे साठा राखून मासेमारी होते याची पावती, मिळालं. त्या तारखा मात्र तिथल्या विणीच्या आहेत, तुमच्या नाहीत.

आकार ठरवताना भरलेल्या तिसऱ्यांतली सर्वांत लहान बघा. ती २० मिलिमीटरची असेल तर किमान ३० धरा, म्हणजे निदान एकदा तरी विणायला सवड मिळते. चाळण निवडताना मोठी गफलत होते: ३० मिलिमीटर लांबीची तिसरी ३० च्या भोकात अडकत नाही, ती आडवी न जाता उभी घसरून जाते. समांतर सळ्यांच्या चाळणीत तर फक्त तिची जाडी मोजली जाते. म्हणून नेमक्या ३० मिलिमीटरच्या वीसेक तिसऱ्या घेऊन चाळण पारखा आणि त्या जेमतेम अडकतील तेवढंच भोक ठेवा.

चाळायचं ते पट्ट्यावरच, पाण्यात. घरी नेऊन निवडलेल्या लहान तिसऱ्या संध्याकाळी परत टाकल्या तर उन्हाने अर्ध्या दमलेल्या असतात. वाळूत शिरेपर्यंत खेकडे त्यांना गाठतात. परत टाकताना ढीग करू नका, मुठीने पेरल्यासारख्या पसरा.

वरच्या अंगाला, जिथे पुराचं पाणी आधी येतं, तिथली दाटी पावसाआधी मुखाकडच्या वाळूत हलवता येते. ओल्या गोणपाटात, सावलीत, त्याच भरतीच्या आत न्या. वाटेत नळाचं पाणी शिंपडू नका. नव्या जागेची वाळू आणि खारेपणा जुन्या जागेच्या जवळपास असावा.

पूर ओसरल्यावर पुन्हा चौकट टाका. दोन्ही शिंपा जोडलेल्या पण रिकाम्या असतील तर मर ताजी आहे. शिंपेला गोल भोक असेल तर ते शिकारी गोगलगाईचं काम, पुराचं नव्हे. मर ताजी असताना उरलेल्या तिसऱ्या वेचू नका. पुराबरोबर गावचं सांडपाणीही येतं आणि पाणी गाळून जगणाऱ्या या जिवात त्यातले जंतू साठतात. उघड्या राहिलेल्या, टिचकी मारूनही न मिटणाऱ्या तिसऱ्या वाट्यात घालू नका.