गुरुवारी पाणी बंद? मग शुक्रवार सांभाळा : या चुका टाळा

पुण्यात चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला महापालिकेची ती सूचना तोंडपाठ असते. विद्युत, पंपिंग आणि दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. पहिलं वाक्य वाचून सगळे पिंपं भरायला धावतात. दुसरं कुणी फारसं मनावर घेत नाही, आणि खरा घोळ त्यातच असतो. दिवसभर पाणी नसल्यामुळे कुणाचं मोठं नुकसान होत नाही. गिझर जळतो, मोटर बसते, पोट बिघडतं, घरात तळं साचतं ते पाणी परत येताना.

खडकवासल्याचं पाणी पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशा जलकेंद्रांत शुद्ध होऊन शहरातल्या मोठ्या टाक्यांत चढतं आणि तिथून लाइनीला सुटतं. एक दिवस पंप थांबले की टाक्या उतरतात, लाइनी रित्या होतात. दुसऱ्या दिवशी आधी त्या भरायच्या, मग दाब तयार व्हायचा. त्यामुळे चढावरच्या आणि लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तुमचं घर अशा ठिकाणी असेल तर बेगमी दीड-दोन दिवसांची करा, एका दिवसाची नको.

सगळं पाणी एकाच मापाने भरणं

माणशी पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला पाच ते सात लिटर पाणी पुरतं. चौघांच्या घराला तीस लिटर म्हणजे भरपूर झालं. बाकीचं पाणी जातं संडासात आणि अंघोळीत. फ्लश एकदा दाबला की सहा ते दहा लिटर गेलेच. तरीही बुधवारी रात्री आपण काय करतो? चकचकीत घासलेली पातेली, डबे, बाटल्या, कुकरसुद्धा भरून ओट्यावर मांडतो आणि बाथरूममध्ये दोन बादल्या ठेवतो. गुरुवारी दुपारी बादल्या संपतात आणि पिण्याच्या कळशीतलं पाणी संडासात ओतायची वेळ येते. उलट करायला हवं. पिण्याचं थोडं पण जपून भरायचं. वापरायचं पाणी भरपूर हवं, मग ते कशातही भरलेलं चालतं.

फ्लशची टाकी भरत बसू नका. तिच्या नळीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा आणि अर्धी बादली जरा उंचावरून एका दमात भांड्यात ओता. थोडं थोडं ओतलं तर तीन बादल्या ओतूनही काम होत नाही. कपडे खळबळलेलं पाणी, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी यासाठी उत्तम. फक्त साबणाचं पाणी रात्रभर साठवू नका, सकाळी त्याला उग्र वास येतो.

दोनशे लिटरचं पिंप भरलं की त्याचं वजन दोनशे किलो होतं. ते गॅलरीच्या कडेला किंवा माळ्यावर ठेवायची वस्तू नव्हे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी निळी पिंपं आधी कसल्या रसायनाची होती ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे त्यांतलं पाणी संडासापुरतंच वापरा. आणि घरात रांगतं मूल असेल तर भरलेली बादलीसुद्धा उघडी ठेवू नका.

आरओचं पाणी साठवणं

साठवायचंच तर शुद्ध पाणी साठवावं, असं वाटणं साहजिक आहे. पण महापालिकेच्या पाण्यात थोडं क्लोरिन शिल्लक असतं आणि तेच साठवलेल्या पाण्याची राखण करतं. आरओमधून निघताना ते क्लोरिनही निघून जातं. म्हणजे बाटल्या भरून ठेवलेलं आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर खराब होऊ शकतं. साठवताना नळाचं भरा, पिताना शुद्ध करा. उकळलेल्या पाण्याचंही तेच: लागेल तेवढं त्या-त्या दिवशी उकळावं.

साठवलेलं पाणी नासतं ते मुख्यतः हातामुळे. पेला बुडवला, बोटं बुडाली, झालं. आजीच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं असायचं, ते उगाच नव्हतं. ओगराळं नसेल तर तोटीचं भांडं घ्या आणि झाकण ठेवा.

‘शिळं’ पाणी ओतून देणं

याचा मला मनापासून राग येतो. शुक्रवारी नळ आला की साठवलेलं पाणी ‘शिळं झालं’ म्हणून भडाभडा मोरीत ओतायचं आणि पुन्हा सगळी भांडी भरायची. घरोघरी हे चालतं, आणि नेमकं त्याच वेळी अख्खी लाइन दाबासाठी तडफडत असते. झाकलेलं, हात न लागलेलं नळाचं पाणी एका दिवसात शिळं होत नाही. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या कितीतरी वस्त्यांत काही दिवसांआड पाणी येतं; तिथल्या माणसासमोर असं पाणी ओतून बघा! उलट शुक्रवारी सकाळी तुमच्या घरातलं सर्वांत स्वच्छ पाणी हे कालचंच असतं. का, ते आता बघू.

पहिली धार पिण्याला भरणं

भरलेल्या लाइनीत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे पाइपला चीर असली तरी पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. लाइन रिती झाली की उलटं होतं. आत पोकळी तयार होते आणि त्याच चिरेतून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. आपल्या रस्त्यांखाली पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन किती जवळून जाते हे खोदकाम पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात पाइपमधला गंज आणि गाळ पहिल्या लोंढ्याबरोबर सुटतो. म्हणून शुक्रवारची पहिली धार पिवळट, कधी काळपट येते, कधी तिला वास असतो.

हे पाणी फेकू नका, बादलीत धरून संडासाला वापरा. धार स्वच्छ झाली आणि वास गेला की मग पिण्याचं भरा, आणि दोन दिवस उकळून प्या. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिटभर तशीच राहू द्यायची. नुसतं कोमट करून उपयोग नाही. फडक्याने गाळलं किंवा तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, पण त्यातले जंतू मरत नाहीत. ज्यांना उकळणं शक्य नाही त्यांनी मेडिक्लोरसारखं क्लोरिनचं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावं.

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा अख्खं पुणं पाणी उकळत होतं. ती सवय टिकायला हवी होती.

याच जागी नळाला मोटर लावणाऱ्यांचा विषय येतो. दाब कमी म्हणून थेट लाइनीला मोटर लावली की शेजाऱ्याचं पाणी तर तुम्ही खेचताच, पण चिरांतून गटाराचं पाणीही खेचता, आणि ते आधी तुमच्याच टाकीत येतं. मोटर जप्त होते, दंड होतो, हे निराळंच.

नळ उघडा ठेवून झोपणं

‘पाणी आलं की आवाजाने कळेल’ म्हणून उघडा ठेवलेला नळ पहाटे तीनला येतो, बेसिनमध्ये भांडी असतात आणि जाळीवर भाजीची सालं. सकाळी खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. गावाला जाणार असाल तर घराचा मुख्य कॉकच बंद करा. आणि रिकामा नळ बंद आहे की उघडा हे नुसतं बघून कळत नाही, हाताने फिरवूनच खात्री करा.

गिझर चालू करणं

साठवणीच्या गिझरमध्ये गार पाणी खालून शिरतं आणि गरम वरच्या टोकाने बाहेर पडतं. त्यामुळे गच्चीवरची टाकी रिकामी झाली तरी गिझर भरलेलाच राहायला हवा. पण खालच्या जोडणीतला, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बिघडलेला असेल किंवा मुळात लावलेलाच नसेल, तर खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडताच तुमच्या गिझरमधलं पाणी उलटं ओढलं जातं. अशा रिकाम्या गिझरचं बटण दाबलं की कॉइल जळते.

नियम एकच. गरम पाण्याच्या नळातून फुसफुस न होता सलग धार येईपर्यंत गिझरचं बटण बंद. १५ लिटरच्या गिझरला कमी दाबात भरायला वेळ लागतो, तेवढा द्या.

गारच्या नळाला पाणी आहे, गरमच्या नळाला फक्त सुस्कारे, तर लाइनीत हवा अडकली आहे. प्लंबर बोलावण्याआधी हे करून बघा. भिंतीवरच्या गार-गरम नळांच्या मिक्सरचा शॉवर बंद ठेवा, खालच्या तोटीवर तळहात घट्ट दाबा, आधी गारचा नळ पूर्ण उघडा आणि मग गरमचा. गार पाणी तोटीतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ते गरमच्या लाइनीत उलटं शिरतं. दहा-पंधरा सेकंदांनी हात काढा. खोकल्यासारखा आवाज करत हवा बाहेर पडते. दोन-तीनदा केलं की बहुतेक वेळा लाइन मोकळी होते. गिझर बंद असतानाच करायचं, हे पुन्हा सांगतो.

गच्चीवर काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा, पाणी तापवायचा सोलर असेल आणि तो कोरडा पडून उन्हात तापला असेल, तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नका. तापलेल्या काचेला गार पाणी लागलं की ट्यूब तडकते. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत भरा.

मोटर ‘ओढेल, ओढेल’ म्हणत चालू ठेवणं

सोसायट्यांचा सगळ्यात महाग घोळ हाच. जमिनीखालच्या टाकीत पाणी तळाला गेलेलं असतं, वरच्या मजल्यावरून फोन येतात, वॉचमन मोटर चालू करतो. पंपाच्या आतलं सील थंड राहतं ते पाण्यामुळेच. पंप कोरडा फिरला की सील जळतं आणि मग गळती सुरू होते.

मोटरचा आवाज येतो पण पाणी चढत नाही, तर आधी बंद करा. जमिनीवर बसवलेला मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला, असेल तर प्रायमिंगच्या, म्हणजे पंपात पाणी भरायच्या, तोंडातून पाणी ओता. ओतलेलं पाणी तसंच राहिलं तर हवा शिरली होती. तोंडाचं झाकण घट्ट लावा आणि चालू करा. ओतता ओतताच खाली उतरत गेलं तर टाकीच्या तळाशी असलेल्या, पाणी परत खाली उतरू न देणाऱ्या फूट व्हॉल्व्हमध्ये खडा किंवा कचरा अडकला आहे, मग कितीही पाणी ओता, उपयोग नाही. टाकी तळाला गेल्यावर गाळ ओढला जातो, त्यामुळे हे शुक्रवारीच घडतं. खालच्या टाकीची पातळी बघून मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला की वॉचमनच्या अंदाजावर विसंबायला नको.

टाकी साफ करायला हीच वेळ बरी असते, पण कुणालाही एकट्याला आत उतरवू नका. झाकणं बराच वेळ उघडी ठेवून हवा खेळू द्या, आणि पेट्रोलवरचा पंप टाकीत किंवा तोंडाशी चालवू नका. त्याच्या धुराने माणसं दगावतात.

टँकर मागवलात तर पाणी कुठून भरलं हे विचारा. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर ते वापराच्या टाकीत घ्या, पिण्याच्या नाही. टाकी एकच असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे दहा हजारांच्या टँकरला पन्नास ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी ओता आणि अर्धा तास थांबा. पावडरीला क्लोरिनचा झणझणीत वास राहिला नसेल तर ती मेली, दुसरी आणा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

आरओचा इनलेट कॉक शुक्रवारी सकाळी बंद ठेवा, नाहीतर गढूळ पाण्याने त्याची गाळणी, म्हणजे कँडल, एका दिवसात चोंदते. वॉशिंग मशीनलाही सुट्टी द्या. गंजाचे डाग पडलेले पांढरे शर्ट पुन्हा पांढरे होत नाहीत. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी फिरवून काढा, वाळू निघेल.

पाणी नसताना बाथरूममधून गटाराचा वास येऊ लागला, झुरळं वर आली, तर जाळीखालच्या, गटाराचा वास अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं आहे. एक टमरेल पाणी ओता, वास थांबेल.

वापरायचं पाणी पिंपात पडून राहणार असेल तर डासांचा विचार करा. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात, तेव्हा काथ्याने कडा घासा.

शनिवार उजाडला, गल्लीत सगळीकडे पाणी आहे आणि फक्त तुमच्याकडे नाही, तर आधी जमिनीखालच्या टाकीतला, टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक हाताने हलवून बघा. बराच वेळ कोरडा राहिला की तो अडकतो. मग मीटरआधीची जाळी, मग रस्त्याकडचा व्हॉल्व्ह कुणी बंद केलेला नाही ना ते. हे सगळं ठीक असेल तर क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करताना ‘पाणी नाही’ एवढंच सांगू नका. एरवी पाणी किती वाजता येतं, आज शेजारच्या दोन इमारतींना किती वाजता आलं, तुमच्या मीटरपाशी थेंबही नाही की बारीक धार आहे, हे सांगा. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला कुठली चावी फिरवायची ते त्यावरूनच कळतं.