दुर्मीळ जर्मन आडनावाचा माग कसा काढायचा

जर्मन आडनावाचा अर्थ शोधायला बसलेला माणूस पहिली उडी शब्दकोशावर घेतो. आडनावाचे दोन तुकडे करायचे, दोन्हींचे आजचे अर्थ जोडायचे, झालं काम. मी उत्तर जर्मनीतल्या हिल्डेसहाइम शहरात राहते आणि चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायला लोकांना मदत करते. येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडा. आधी ते आडनाव मूळचं कुठलं, ते शोधा. मुलूख कळल्याशिवाय काढलेल्या अर्थावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

बीअरबाउम हे आडनाव घ्या. आजची जर्मन येणाऱ्याला त्यात ‘बिअरचं झाड’ दिसतं. पण उत्तरेकडच्या सखल मुलखातल्या बोलीत, म्हणजे निम्न जर्मनमध्ये, नासपतीच्या झाडाला बेरबोम म्हणत. कुणा पूर्वजाचं घर नासपतीच्या झाडापाशी होतं, इतकंच. पुढे लिखापढी उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण जर्मनमध्ये, होऊ लागली, लिहिणाऱ्यांनी बोलीतला शब्द आपल्या परीने ‘सुधारला’ आणि नासपतीची बिअर झाली.

तेव्हा सुरुवात घरातल्या कागदांपासून करा. सगळ्यात जुन्या कागदावर आडनाव कोणत्या अक्षरांत लिहिलंय, ते जसंच्या तसं उतरवून घ्या. गावाचं नाव मिळवा. नुसतं ‘प्रशिया’ कळून काही उपयोग नाही, ते राज्य फार मोठं होतं. आणि घराणं प्रोटेस्टंट की कॅथलिक, ते विचारा, कारण वह्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. प्रोटेस्टंट नोंदी मुख्यतः आर्किओन या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक नोंदी माट्रिकुलावर फुकट. ज्यू घराणं असेल तर हिशेब निराळा. बऱ्याच ज्यू कुटुंबांना कायम आडनाव घेणं सरकारी हुकमाने भाग पडलं, ऑस्ट्रियात १७८७ साली, प्रशियात १८१२ साली. तिथे मध्ययुगातला पूर्वज शोधत बसू नका.

आता नकाशा. माइन्त्सच्या विज्ञान अकादमीचा जर्मन आडनावांचा डिजिटल कोश २०१२पासून तयार होतोय आणि सगळ्यांना खुला आहे. टेलिफोनच्या नोंदींवरून कोणतं आडनाव कुठे दाटलंय, हे त्यात नकाशावर दिसतं. दुर्मीळ आडनावाचे ठिपके बहुधा एकाच पट्ट्यात गोळा झालेले असतात, आणि उगम तिथेच कुठेतरी असतो. पण ठिपके देशभर सारखे विखुरलेले दिसले, तर घाईने निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया अशा भागांतून एक कोटीहून जास्त जर्मनांना घर सोडावं लागलं. त्यांची आडनावं आजच्या नकाशावर कुठेही सापडतात, आणि त्यांचं मूळ आजच्या जर्मनीच्या हद्दीबाहेर असतं. अशा वेळी पहिल्या महायुद्धातल्या जखमी आणि मृत सैनिकांच्या याद्या बघा. संगणकाच्या मदतीने वंशावळी शोधणाऱ्यांच्या जर्मन संघटनेतल्या स्वयंसेवकांनी त्या नाव शोधता येईल अशा करून ठेवल्यात. सैनिकाच्या नावापुढे त्याचं गाव असतं, म्हणजे लोक हलण्याआधीचा नकाशा तुम्हाला आयता मिळतो. मला याहून उपयोगी साधन माहीत नाही.

त्याच आडनावाचं गाव आहे का, तेही पाहून घ्या. त्यासाठी जर्मन साम्राज्यातल्या गावांचा १९१२ सालचा मायर कोश उत्तम. तो ऑनलाइन आहे. गाव सापडलं, तर आडनाव पडलं ते बहुधा गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला, हे लक्षात ठेवा. सगळेच एका गावचे असतात तिथे गावाच्या नावाने कुणाला ओळखणार? म्हणून ठिपके गावापासून थोडे लांब असतील तरी हरकत नाही.

आडनावाचं शेपूटही बोलतं. हेबर्लेमधला ‘ले’ नैर्ऋत्येकडच्या श्वाबियाचा, ब्रांडलमधला शेवटचा ‘ल’ बव्हेरियाचा, पीटरसनमधला ‘सन’ श्लेस्विग-होल्स्टाइनकडचा, लेम्केमधला ‘के’ उत्तरेचा आणि पूर्वेचा. फिर्शोसारख्या (Virchow) आडनावाच्या शेवटी लिहिलेलं पण न उच्चारलेलं ‘डब्ल्यू’ दिसलं, तर एके काळी स्लाव भाषा बोलणारा पूर्वेकडचा मुलूख समजा. डॉक्टर रुडोल्फ फिर्शो पोमेरेनियातलेच. वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रीसलंडमध्ये मात्र बापाचं नाव मुलाला लावायची पद्धत नेपोलियनच्या १८११च्या फर्मानापर्यंत टिकून होती, त्यामुळे तिथलं आडनाव वाटतं त्याहून बरंच अलीकडचं असू शकतं.

हे सगळं झाल्यावरच अर्थाकडे वळा. जर्मन आडनावं साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात रुळली. ती पाच प्रकारांतली: बापाचं नाव, धंदा, घराची जागा, मूळ गाव आणि टोपणनाव. टोपणनावं मला सगळ्यात आवडतात. हेबेनश्ट्राइट म्हणजे ‘भांडण उकरून काढ’, अख्खं वाक्यच आडनाव होऊन बसलंय.

माझ्या शहरातलंच उदाहरण देते. क्नोखेनहाउअर हे आडनाव दुर्मीळ आहे. आजच्या भाषेत शब्दशः ‘हाडं तोडणारा’, म्हणून कुणी त्यात जल्लाद पाहतं तर कुणी गुंड. हिल्डेसहाइमच्या बाजारचौकात या नावाची इमारत उभी आहे: क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउस, खाटकांच्या संघाचं १५२९ सालचं लाकडी चौकटीचं घर. मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते जळलं आणि १९८०च्या दशकात जुन्या पद्धतीनेच पुन्हा बांधलं. हानोव्हर आणि ब्रेमेनमध्ये याच नावाचे रस्ते आहेत. दक्षिणेत खाटकाला मेट्सगर म्हणतात, पूर्वेकडे फ्लायशर. क्नोखेनहाउअर हा शब्द उत्तरेतल्या शहरांचा. म्हणजे या आडनावाचा मूळ पुरुष उत्तरेकडच्या शहरातला खाटीक असणार. एका रस्त्याच्या पाटीने जे सांगितलं, ते नुसता शब्दकोश चाळून कळलं नसतं.

चर्चच्या वह्यांपाशी आलात की आधी कुरेंट लिपी, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर, वाचायला शिका. तिच्यात छोटा ‘ई’ आणि ‘एन’ इतके सारखे दिसतात की एकच आडनाव दोन तऱ्हांनी वाचलं जातं. त्याच पानावर तोच हात दुसरीकडे कसा वळलाय, ते ताडून बघा. बाईच्या आडनावाला ‘इन’ लागलेलं असतं, म्यूलरची म्यूलरिन. ते सोडून द्या. शिकलेली माणसं लॅटिन रूप घेत, म्हणून म्यूलर एखाद्या पानावर मोलिटोर होतो आणि श्मिट फाब्रिसिउस. वेस्टफेलियात तर शेताचं नाव माणसाला चिकटे: जावई सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला की त्याचं आडनाव बदले. माग अचानक तुटला तर लग्नाची नोंद आधी बघा. तीस वर्षांच्या युद्धात, १६१८ ते १६४८, असंख्य वह्या नष्ट झाल्या. त्याच्या मागे जाता आलं तर नशीब समजा.

एक कळकळीची विनंती. आडनावावरून ‘घराण्याचं मानचिन्ह’, म्हणजे ढालीवरचं कुलचिन्ह, विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. मानचिन्ह एका विशिष्ट वंशाचं असतं, तेच आडनाव लावणाऱ्या सगळ्यांचं नसतं.

आडनाव किती लोकांचं आहे, हे मोजायला टेलिफोन नोंदींची संख्या अडीच-तीनने गुणतात. त्यासाठी २००५च्या आसपासच्या नोंदी घ्या. मोबाइल आल्यावर डिरेक्टऱ्या रोडावल्या. संख्या फार कमी आली तर कारणही शोधा. १९७६च्या कायदेबदलापर्यंत लग्नानंतर कुटुंबाचं आडनाव नवऱ्याचंच असे, त्यामुळे ज्या घरात फक्त मुली झाल्या तिथे ते थांबलं.

१ जानेवारी १८७६पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, प्रशियात त्याच्या थोडी आधी. ही कागदपत्रं श्टांडेसआम्ट या नोंदणी कार्यालयात असतात. जन्माची नोंद ११० वर्षांनी, लग्नाची ८० वर्षांनी आणि मृत्यूची ३० वर्षांनी सगळ्यांना खुली होते आणि पुढे अभिलेखागारात जाते. ही मुदत संपायच्या आधी नोंद हवी असेल तर सरळ वंशातलं नातं सिद्ध करणारे दाखले अर्जासोबत जोडा, आणि अर्जात आडनावाची सापडलेली सगळी रूपं लिहा.