मुलाला मारहाण झाली, दवाखान्याचा खर्च कसा वसूल करायचा?

पोळ्याच्या दिवशी बैलाला धक्का लागला एवढ्यावरून आमच्या गावात, चोपडा तालुक्यात, एका बाप्याने माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला काठीने मारलं. डावा हात मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" बहीण घाबरून म्हणाली, "ओट्यावरून पडला." पोलिसांचं लचांड मागे नको, एवढंच तिच्या डोक्यात. ते वाक्य केसपेपरवर उतरलं आणि पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तेच मोठ्याने वाचून दाखवलं.

म्हणून सुरुवात दवाखान्यापासून.

डॉक्टरांना खरं सांगा

कोणी मारलं, कशाने मारलं, कधी, हे केसपेपरवर लिहून घ्या. मारहाण म्हटली की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून नोंद, करतात आणि पोलिसांना कळवतात. ग्रामीण रुग्णालयातून जळगाव किंवा धुळ्याच्या सिव्हिलला पाठवलं, तर पाठवणीची चिठ्ठीही जपा. आधी चुकीचं सांगून बसला असाल, तर पुढच्या तपासणीला खरी हकीगत तारखेनिशी नव्याने नोंदवायला सांगा. जुन्या कागदावर खाडाखोड मात्र करू नका, कोणाला करूही देऊ नका.

पोलिसांत नोंद

हाड मोडणं किंवा दात पडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तिची व्याख्या आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. ठाण्यात घेतच नसतील, तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती सांभाळा. साधा मुका मार असेल तर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते. तीही करून ठेवा, खर्चाच्या दाव्यात तो कागद कामाला येतो.

प्रकार लैंगिक अत्याचाराचा असेल तर वाट वेगळी. तिथे पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागतो, सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने तातडीने मोफत उपचार करायचे असतात, विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि पीडितांना आर्थिक मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. आधी तिकडे जा, दिवाणी दाव्याचं नंतर बघू.

पिशवी

आमच्या बहिणीकडे बियाण्याची जुनी कापडी पिशवी होती, सगळं त्यात. कोर्टात लढली ती ही पिशवी, असं मी तरी म्हणतो. मेडिकलवाल्याची बिलं थर्मल कागदावर असतात, सहा महिन्यांत पुसट होतात. त्या दिवशीच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो काढा. बिलावर मुलाचं नाव हवं. बापाच्या किंवा नुसत्या "पेशंट"च्या नावाचं बिल वकील उडवून लावतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्यावरच्या औषधाचं बिल एकत्र टाचा.

दवाखान्याची फी, एक्स-रे, प्लास्टर एवढ्यावर थांबू नका. एसटीची तिकिटं, रिक्षा, मुलापाशी बसल्यामुळे बुडालेली कापूस वेचणीची मजुरी, पुढे रॉड किंवा प्लेट काढायचा खर्च, हे सगळं मागता येतं. पुढच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. वेदना आणि बुडालेली शाळा यांची वेगळी रक्कम मागा.

दावा कोणाच्या नावाने

मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, म्हणून वादी मूलच, पण आई किंवा बाप अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता. सातबाऱ्यावर दिसतो तोच शब्द. बिलं भरली असतील आईबापांनी, तर त्यांनाही स्वतःच्या नावाने वादी करा. मुदतीसाठी हे महत्त्वाचं आहे. मुलाच्या हक्काला सज्ञान होईपर्यंत सवलत मिळते, तुमच्या खर्चाला नाही. तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, असं धरून चाला.

दावा कुठे? मार अमळनेरला बसला आणि मारणारा शिरपूरला राहतो, तर दोन्हींपैकी तुम्हाला सोयीच्या ठिकाणी. मारणारा शासकीय आश्रमशाळेचा कर्मचारी असेल आणि शासनालाही प्रतिवादी करायचं असेल, तर दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पालकांनी हे विसरू नये. मारणाराच पोरगा असेल, तर त्याच्या आईबापांवर आपोआप जबाबदारी येत नाही, त्यांचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो.

वकिलाला पैसे नसतील तरी अडत नाही. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा.

फौजदारी खटल्यातही मागा

हे बरेच जण सोडून देतात. शिक्षा सुनावताना कोर्ट आरोपीला भरपाई द्यायला सांगू शकतं, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 मध्ये आहे. अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की प्रत्येक प्रकरणात कोर्टाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे. बिलांचा संच आणि एका पानाचा अर्ज सरकारी वकिलाला वेळेत द्या. तिथे मिळालेली रक्कम दिवाणी दाव्यात वळती होते. आणि आरोपी सुटला तरी दिवाणी दावा संपत नाही, तिथे पुरावा तोलायचं माप वेगळं आहे.

"जाऊ द्या ना भो, मिटवून घ्या"

हे सांगायला पोलीस पाटलापासून मामेसासऱ्यापर्यंत सगळे येतील. मिटवायला हरकत नाही, पण स्टॅम्प पेपरवर अंगठा मारून, पाच-दहा हजार हातात घेऊन नको. अज्ञान मुलाच्या वतीने दाव्यात तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते, फौजदारीतही तसंच. परवानगी नसलेली तडजोड पुढे टिकत नाही. मुलाच्या वाट्याचे पैसे कोर्ट बहुधा बँकेत ठेव म्हणून ठेवायला लावतं.

हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. समोरच्याने दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची, त्याची जमीन किंवा बँक खातं जप्त करायला सांगायचं. दावा चालू असतानाच तो जमीन विकायला निघाला असं कळलं, तर ताज्या सातबाऱ्यासह निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज द्या.

आमच्याकडे "ओट्यावरून पडला" या वाक्याने बरंच नडलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांच्या साक्षीने निभावलं, त्यांनी दंडावरचे काठीचे वळ दुसऱ्या दिवशी केसपेपरवर लिहिले होते. पैसे आले ते दरखास्तीनंतर, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता त्याचा कापूस विकला गेल्यावर.