उपमा पात्राच्या हातातली हवी

"मे महिन्याचं ऊन आगीसारखं होतं." नागपुरात पारा 45 ला टेकतो हे खरं, पण या वाक्यात ऊन दिसत नाही. आग उन्हाच्या इतकी जवळची की वाचक न थांबता पुढे सरकतो. कथेत उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट, दूरचं हवं, मात्र पात्राच्या रोजच्या कामातलं. पात्र सीताबर्डीत कूलर दुरुस्त करणारं असेल तर: "सासऱ्याचं बोलणं पंप बंद पडलेल्या कूलरसारखं. वारा भरपूर, गारवा शून्य." सासराही कळला, बोलणाऱ्याचा धंदाही. (कूलर इथे घरोघरी, पण पंपाकडे आधी लक्ष जातं ते मिस्त्रीचंच.)

दुसरा खर्डा झाला की ‘सारखा’, ‘जणू’, ‘प्रमाणे’, ‘गत’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. एका परिच्छेदात दोन उपमा सापडल्या तर दुबळी खोडा. लागोपाठ आल्या की दुसरी पहिलीचं चित्र पुसते. भांडण, अपघात अशा जागी बहुधा दोन्ही जातात, कारण तुलना करायला पात्राला तेवढी फुरसत नसते. मग साधारण धर्म, म्हणजे दोन्ही गोष्टींत सारखा असलेला गुण (वर ‘वारा भरपूर, गारवा शून्य’), झाकून वाक्य मोठ्याने वाचा. तरी अर्थ लागला, तर तो धर्म काढूनच टाका.