ऑक्सिजनयुक्त सेंद्रिय संयुग ओळखताना चाचण्यांचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले एसएसएलसीपर्यंत (कर्नाटकातील दहावी) मराठीतून शिकून पीयूसीच्या (अकरावी-बारावी) प्रयोगशाळेत येतात. तेथे अनोळखी नमुन्यातील क्रियात्मक गट, म्हणजे संयुगाचे रासायनिक गुण ठरवणारा अणूंचा गट, ओळखण्यास सांगितले की बहुतेक जण पाठ केलेल्या चाचण्या सुचतील तशा करत सुटतात. एकच चाचणी दोन निरनिराळ्या गटांनाही प्रतिसाद देऊ शकते, म्हणून येथे क्रमाला महत्त्व आहे.

सुरुवात कार्बोक्सिलिक आम्लापासून करावी. परीक्षानळीत सोडिअम बायकार्बोनेटचे संपृक्त द्रावण घेऊन त्यात नमुना टाकावा. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आले तर आम्ल आहे. नमुना बेंझोइक आम्लासारखा घन असेल तर बुडबुडे सावकाश येतात, तेव्हा नळी उजेडाकडे धरून मिनिटभर पाहावे. याची तालीम घरीही करता येते, कारण आमसुलाच्या कोळात खाण्याचा सोडा टाकल्यावर येणारा फेस याच अभिक्रियेचा असतो.

आम्ल नसेल तर उदासीन फेरिक क्लोराइडने फिनॉल तपासावे. जांभळा, निळा किंवा हिरवा रंग ही त्याची खूण. सॅलिसिलिक आम्ल मात्र बायकार्बोनेटलाही प्रतिसाद देते आणि येथे जांभळा रंगही देते, कारण त्याच्या रेणूत दोन्ही गट आहेत.

पुढे 2,4-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन. पिवळा-नारिंगी साका आला म्हणजे अल्डिहाइड किंवा कीटोन, आणि या दोहोंतील निवाडा टॉलेन्स अभिकारक (सिल्व्हर नायट्रेटचे अमोनियायुक्त द्रावण) करतो. नळी आधी अगदी स्वच्छ धुवावी, कारण तेलकटपणा राहिला तर चांदीच्या आरशासारख्या थराऐवजी काळी भुकटी मिळते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइडचे एक-दोन थेंब घातले की तपकिरी साका पडतो. तो जेमतेम विरघळेपर्यंत विरल अमोनिया थेंबाथेंबाने घालावा. नमुन्याचे दोन-तीन थेंब टाकून नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात न हलवता उभी ठेवावी, थेट ज्योतीवर कधीही धरू नये. अल्डिहाइड असेल तर काचेला आतून चांदीचा थर धरतो. येथे क्रमाचा उपयोग कळतो: फॉर्मिक आम्लही टॉलेन्सला प्रतिसाद देते, आणि पहिली चाचणी वगळणारा विद्यार्थी त्याला अल्डिहाइड ठरवून मोकळा होतो. उरलेले द्रावण साठवू नये, कारण कालांतराने त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. ते लगेच विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून शिक्षकांच्या सूचनेप्रमाणे टाकावे.

अल्कोहोलसाठी सेरिक अमोनिअम नायट्रेट वापरावे. पिवळा रंग लाल होतो. त्यानंतर लुकास अभिकारकाने (तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातील झिंक क्लोराइड) प्रकार ठरवता येतो; हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनला आणखी एक कार्बन जोडलेला असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक: तृतीयक अल्कोहोल लगेच गढूळ होते, द्वितीयक पाच-दहा मिनिटांत, तर प्राथमिक सामान्य तापमानाला स्वच्छच राहते. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात मळी आंबवून काढले जाणारे इथेनॉल प्राथमिक असल्याने त्याची नळी गढूळ होत नाही, यात चाचणी फसली असे काही नाही.

सगळ्याच चाचण्या नकारार्थी आल्या आणि नमुन्याला फळासारखा गोड वास असला तर इस्टरचा विचार करावा. ईथरही असाच कशाला दाद देत नाही. डायइथाइल ईथर मात्र सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळते आणि आपल्याकडील वैशाखातील दुपार त्याच्या जवळ पोहोचते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत जाते, म्हणून ती बाटली उघडण्यापूर्वी खोलीतील प्रत्येक ज्योत विझवावी.