बर्फ वितळायच्या सीझनमध्ये समुद्राचं पाणी किती खारट उरलंय ते कसं बघायचं

समुद्री माशांच्या टँकसाठी नाहीतर शिंपले जगवायला समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि तेही मोठी, बर्फावर पोसलेली नदी जवळ समुद्राला मिळत असेल तरच, बाकीच्यांना या सगळ्या उपद्व्यापाची गरज नाही.

आधी नदीकडे बघा, समुद्राकडे नंतर. पाऊस पडला की नदी दोन-चार दिवस फुगते आणि उतरते, पण डोंगरातला बर्फ वितळायला लागला की पूर आठवडेच्या आठवडे चालतो. कॅनडातली फ्रेझर घ्या, तिचा जोर साधारण मे अखेर ते जूनमध्ये असतो, म्हणजे किनाऱ्यावर वसंत संपत आला तरी वरचा बर्फ अजून खाली येतच असतो. नदीच्या फ्लोचे आकडे बऱ्याच देशांत सरकारी साइटवर फुकट मिळतात, ते रोज बघायची सवय लावा. आकडा चढायला लागला की पाणी भरायचं थांबवा, किंवा खालच्या थरातून भरा.

खालच्या थरातून का, तर गोडं पाणी हलकं असतं. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १०२५ ग्रॅम भरतं, नदीचं १०००च्या आसपास, म्हणून नदीचं पाणी लगेच मिसळत नाही, दुधावरच्या सायीसारखं वर पसरतं आणि हा थर कित्येकदा काही मीटरचाच असतो. वरून बादली टाकली की सगळा समुद्रच गोड झाल्यासारखं वाटतं, खाली मात्र चांगलं खारट पाणी असतं.

तेव्हा दोन सॅम्पल घ्या, एक वरचं, एक खोलीचं. खोलीच्या सॅम्पलला महागडं काही लागत नाही, अरुंद तोंडाच्या बाटलीला वजन बांधा, बूच लावा, बुचाला वेगळी दोरी, बाटली पाच-सहा मीटर खाली सोडली की दोरीला झटका द्या, बूच निघतं आणि तिथलंच पाणी आत शिरतं. मग रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं छोटं यंत्र. खुल्या समुद्राचं पाणी किलोला साधारण ३५ ग्रॅम मिठाचं असतं, नदीच्या मुखाजवळ पुराच्या दिवसांत वरचं त्याच्या निम्म्याखालीही जाऊ शकतं. एक लक्षात ठेवा, बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणाच्या हिशोबाने बनवलेले असतात, ते समुद्राचं पाणी एक-दीड ग्रॅम जास्त दाखवतात, म्हणून खारटपणा नक्की ३५ असलेल्या समुद्री स्टँडर्ड द्रावणावर कॅलिब्रेट करून, म्हणजे रीडिंग जुळवून घ्या.

वेळही बघा. ओहोटीत नदीचं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून मुखाजवळ भरतीच्या शेवटी घेतलेलं पाणी बहुतेकदा जास्त खारट मिळतं. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे नदीच्या गोड्या पाण्याचा समुद्रात पसरणारा पट्टा, समुद्राकडे तोंड केलं तर, उजवीकडे वळतो, मग पाणी डावीकडून भरावं. पण वाऱ्यावर बरंच अवलंबून, अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेच्या वाऱ्याने उलट नैऋत्येला जातो.

मीठ एवढाच प्रश्न नाही बरं का. बर्फाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे शिंपल्यांना कवच बांधायला लागणारं कार्बोनेटही बहुतेकदा पातळ होतं, बारक्या पिल्लांना हे जास्त जड जातं. नुसतं मीठ घालून रीडिंग ३५ वर आणलं तर हे भरून निघत नाही, म्हणून अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची, टेस्ट वेगळी करा. वर गाळ असतो, बॅक्टेरिया असू शकतात. आणि एक गंमत, बाहेर जाणारा गोडा थर खालचं खारट पाणी स्वतःबरोबर वर ओढतो, त्यातून शेवाळाचं खत असलेलं नायट्रेट वर येतं, काही शेवाळांना लागणारी सिलिका नदी आणते, हलका थर शेवाळाला उजेडात धरून ठेवतो, म्हणून या दिवसांत पाणी कधीकधी हिरवट-तपकिरी दिसतं. तसं पाणी टँकला नको.

वरचं आणि खालचं रीडिंग जवळजवळ सारखं यायला लागलं आणि नदीचा फ्लोही उतरला की पुन्हा वरून भरायला हरकत नाही. जोराच्या वाऱ्यानंतर एकदाच सारखं आलं तर मात्र थांबा, ते नुसतं ढवळलेलं असतं, नदी चालू असेल तर वारा पडल्यावर गोडा थर परत येतो.