आजव्याला जायचंय, मुलं तीन वर्षांच्या आतली : बडोद्यात हॉटेल कसं निवडावं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्याहून नाहीतर नागपूरहून फोन येतोच. "आत्या, पोरांना आजव्याच्या आतापी पार्कात न्यायचंय. पार्कच्या अगदी जवळचं एखादं हॉटेल सांग ना." पूर्वी मी दोन-तीन नावं सांगून मोकळी व्हायचे. आता आधी विचारते, "तुझी पोरं दुपारी किती वाजता झोपतात?" पलीकडून "अं?" एवढंच येतं. पण हॉटेलचं निम्मं उत्तर त्या वेळेतच असतं.

(घरीच का बोलावत नाही, असं कुणी विचारण्याआधी सांगते. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावर. जिना इतका उभा की दोर धरून चढावं लागतं. दीड वर्षाच्या मुलाला तिथे ठेवायचं म्हणजे एका माणसाने दिवसभर जिन्याच्या तोंडाशी पहारा द्यायचा.)

आतापी वंडरलँड हा राइड्सचा मोठा पार्क शहराच्या पूर्वेला, आजवा तलावाच्या परिसरात आहे. तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, शहर आजही त्याचं पाणी पितं. आतापी हे नाव ऐकलं की मला जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अगस्तीला हाक मारणारे आजोबा आठवतात. अगस्तीने पचवलेला तो आतापी राक्षस पचायला जड होता म्हणे. लहान मुलांना घेऊन केलेला पार्कचा अख्खा दिवसही तसाच असतो.

आधी मुलाचा दिवस मांडा

निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलाची उंची मोजा. दोन वर्षांचं मूल साधारण ८६ ते ८८ सेंटिमीटर असतं, तीन वर्षांचं ९५ च्या आसपास. पोटात गोळा आणणाऱ्या राइड्सना उंचीची अट असते आणि या वयाची मुलं तिच्यात बसत नाहीत. मग उरतं काय? गोल फिरणारे घोडे, छोट्यांच्या गाड्या, पायाच्या घोट्याएवढं पाणी. यात तीन तास मजेत जातात. चौथ्या तासाला रड सुरू होते आणि आईबाबा मात्र "तिकीट काढलंय तर संध्याकाळपर्यंत थांबू" म्हणत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दुपारची झोप यातच आली. म्हणजे सहलीचा निम्मा वेळ तुम्ही हॉटेलात असणार आहात. खोली नुसती बॅगा ठेवायला घेताय, असं समजून ती निवडलीत तर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का ते शोधत बसाल.

कागदावर चार वेळा लिहा : ऊठ, दूध, दुपारची झोप, रात्रीची झोप. पुढचे सगळे निर्णय त्यांच्यावरूनच घ्यायचे.

'जवळ' म्हणजे किती मिनिटं

नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. पार्कच्या दारापासून पलंगापर्यंत किती मिनिटं लागतात ते बघा. त्यात पार्किंग, रस्त्यावरचं वळण, लिफ्टची वाट, सगळं धरा. आजवा स्टेशनपासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये सगळं शहर आडवं पसरलेलं आहे. दमलेलं मूल गाडीत दहाव्या मिनिटाला झोपतं आणि खोलीत नेऊन ठेवताना टक्क जागं होतं. मग ना त्याची झोप झाली, ना तुमची.

बडोद्यात साधारण तीन पर्याय पडतात. स्टेशनजवळ सयाजीगंज आणि अलकापुरी : हॉटेलं भरपूर, जेवणाची सोय उत्तम, पण आजव्याला जाताना-येताना शहर ओलांडावं लागतं. पार्कच्या आणि हायवेच्या बाजूची हॉटेलं : अंतर कमी, पण रात्री ताप आला तर औषधाचं दुकान शोधत फिरावं लागतं आणि ट्रकचे हॉर्न रात्रभर. तिसरा, शहराचा पूर्वेकडचा भाग : वाघोडिया रोड, आजवा रोड, कारेलीबाग, हरणी. मुलं तीन वर्षांच्या आतली असतील तर माझं मत डोळे मिटून या तिसऱ्याला. आजव्याचा रस्ता हाताशी, दूध-औषधं कोपऱ्यावर, आणि वेळ आलीच तर सयाजी हॉस्पिटलही शहरातच. हायवेलगतचं हॉटेल घ्यायचंच असेल तर खोली मागच्या बाजूची मागा.

स्वतःची गाडी नसेल तर जाण्या-येण्याची टॅक्सी सकाळीच ठरवा, परतीची वेळ सांगून. आजव्याहून ऐनवेळी गाडी मिळेल अशा भरवशावर झोपाळलेलं मूल खांद्यावर घेऊन उभं राहू नये. पार्कात फोन करून हेही विचारा की त्या दिवशी पार्क चालू आहे ना, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत येता येतं का. येत नसेल तर संध्याकाळचा मोह मनातून काढून टाका.

ॲपवर बघा, पण फोन करा

ॲपवरचे फोटो बहुधा रिकाम्या, आवरलेल्या खोलीचे असतात. दोन-तीन हॉटेलं निवडलीत की थेट रिसेप्शनला फोन लावा. सकाळी नको, तेव्हा त्यांची खोल्या सोडणाऱ्यांची गडबड असते. दुपारी तीन-चारला लावा. बडोद्यात मराठी समजणारा माणूस बऱ्याचदा भेटतो, नाहीतर हिंदी आहेच.

पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. सकाळी किती वाजता सुरू होतं? मूल सहाला उठतं आणि नाश्ता आठला, असं असेल तर मधल्या दोन तासांची सोय तुमची तुम्हाला करावी लागेल. दुसरा प्रश्न खिचडीचा. इथे 'मोळी खिचडी' मागायची. मराठी कानाला मोळी म्हणजे लाकडाची, पण गुजरातीत मोळी म्हणजे बिनतिखट. नुसतं "कम तीखा" म्हणालात तर वघारेली, म्हणजे फोडणीची, खिचडी लाल मिरचीसकट येते. गुजराती डाळ गोडसर असल्याने मुलं आवडीने खातात. सेव-उसळ मात्र तुमच्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

मग बादली. हसू नका. नव्या हॉटेलांच्या न्हाणीघरात काचेआड नुसता शॉवर असतो, आणि आपली मुलं बादली-मगवर वाढलेली. डोक्यावर एकदम धार पडली की जी किंकाळी फुटते ती शेजारच्या खोलीत ऐकू जाते. बादलीला इथे 'डोल' म्हणतात. डोल, मग आणि बसायला छोटं स्टूल मिळेल का, ते विचाराच.

पलंगाबद्दल "एक्स्ट्रा बेड आहे का?" असं विचारू नका, कारण तोही उंचच असतो. "गादी जमिनीवर घालून द्याल का?" असं विचारा. दोन खोल्या लागणार असतील तर मधून दार असलेल्या मागा. आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावर आणि तुम्ही पहिल्यावर, यात सोबत आणूनही त्यांची मदत होत नाही.

पहाटेच्या गाडीने येणार असाल तर खोली किती वाजता ताब्यात मिळेल ते आधी ठरवा. मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या बडोद्याला पहाटे पोचतात आणि खोली मिळते दुपारी बाराला. काही हॉटेलं चोवीस तासांचं चेक-आउट देतात, म्हणजे सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत. लहान मुलं असतील तर हे फुकटच्या नाश्त्यापेक्षा मोलाचं.

शेवटचा प्रश्न गुजरातेतला खास : बाजूला पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नसमारंभांचं मोकळं मैदान, आहे का, आणि त्या दिवशी लग्न आहे का? लग्नसराईत डीजेच्या ठोक्याने खिडकीच्या काचा थरथरतात. नवरात्रात तर सगळं बडोदं गरब्यात असतं. तेव्हा मुलांना शांत झोप हवी असेल तर तारखाच बदला.

तारखा आणि पैसे

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. एसी चालतो का, वीज गेल्यावर जनरेटरवर तो चालतो की फक्त दिवे, हे विचारून घ्या. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत इथली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे डायपर-दूध पावडर घरूनच आणा. ऑगस्टात यायचं असेल तर पावसाकडे लक्ष ठेवा. आजवा भरला की शहरातली विश्वामित्री नदी फुगते. ऑगस्ट २०२४ मध्ये शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते. बडोदेकर तेव्हा क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी आजव्याची पातळी विचारतात.

रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. या वयाच्या मुलांना निघायच्या आदल्या रात्रीच ताप येतो, हा जणू नियमच. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. सांगितलेला दर करासकट की कराशिवाय, ते विचारा. लहान मुलाचे पैसे, गादीचे पैसे, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरचा माणूस आणि काउंटरवरचा माणूस वेगळा असतो.

पोचल्यावर, बॅगा उघडण्याआधी

एकाने मुलांना बाहेर धरून ठेवावं, दुसऱ्याने खोलीत गुडघ्यांवर रांगावं. खरोखर रांगा. उभ्याने न दिसणारं सगळं तिथून दिसतं : पलंगामागचा उघडा प्लग, टेबलाचा धारदार कोपरा, खाली पडलेली कुणाची गोळी. बाल्कनीच्या गजांतून डोकं जातं का, खिडकी किती उघडते, गीझरचं पाणी किती कढत येतं, ते बघा.

आणि न्हाणीघराची कडी. भाचीचा मुलगा, वय दोन वर्षं, शहरातल्या एका हॉटेलात आत शिरला आणि कडी लावून बसला. बाहेरून उघडायची किल्ली कुणालाच सापडेना. पंचवीस मिनिटं आम्ही दाराखालून बिस्किटं सरकवत होतो, सुतार येईपर्यंत. त्याला गंमत वाटत होती, भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये चिकटपट्टी असते. कडीवर ती आडवी चिकटवली की काम भागतं.

जाता जाता जिना कुठे आहे आणि त्याचं दार उघडं आहे का तेही बघून घ्या. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनला आग लागली, तेव्हापासून मी हे कुठेही गेले तरी बघते. खोली पटली नाही तर लगेच सांगा. बॅगा उघडल्यावर बदलून मिळणं कठीण.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडताच आत, साडेबारा-एकला बाहेर, जेवण, झोप. संध्याकाळी पाचला कमाटीबागेत. १८७९ पासूनची बाग आहे, सावली आहे, आणि मुलांची तिथली संध्याकाळ आजव्याच्या सकाळीइतकीच रंगते.

हॉटेलात डोल नाहीच मिळाली तर मंगळ बाजारात मिळेल. आमच्या भाचीने तिथूनच एक निळी घेतली होती. अजून तिच्या गाडीच्या डिकीत असते, आणि प्रत्येक सहलीला आधी ती चढते, मग मुलं.